एका पायात चप्पल

बंद दाराआड वॉशिंग मशीन तीनदा वाजलं आणि उंबऱ्याजवळ स्टुलावर बसलेली ती दचकली. मशीन सुरू करून ती चप्पल घालायला बसली होती. म्हणजे पाऊण तास झाला. डावी चप्पल पायात होती, उजवी हातात.

कपडे काढायला निघालेल्या सासूबाई थबकल्या.

"अगं, तू अजून इथंच? मला वाटलं, कधीच गेलीस. लंगडी घालत जाणार आहेस का ऑफिसला?"

"निघालेच."

"मघाशीही हेच म्हणालीस."

मघाशी आपण बोललो, हे तिला आठवेना.

मांडीवरचा फोन थरथरला. ऑफिसातल्या मोठ्या मॅडम.

"कुठवर आलीस?"

"मॅडम, आज त्या पोरीसमोर दुसऱ्या कोणाला बसवता का?"

मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "सहा वेळा भेटलीस तिला. तुझ्याशिवाय ती कोणाकडे मान वर करून बघत नाही. आज बोलली नाही, तर संध्याकाळी तिला बापाकडे पाठवावं लागेल. त्याच्याविरुद्ध कागदावर काही आहे का आपल्याकडे?"

"मला ऐकवत नाही हो आता."

"कोणाला ऐकवतं? मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेते. मग तोंड धुवायचं आणि पुढची फाईल उघडायची. अकराला पोच, बाई."

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बसथांबा सात मिनिटांवर. करायचं ते एवढंच, की उजवा पाय चपलेत सरकवायचा. तिने पायाकडे पाहिलं. पाय शेजारणीचा असावा तसा स्वस्थ बसला होता.

"काही घाई नाही हं," ती पायाला हळूच म्हणाली, आणि चपापली. हा आवाज ऑफिसातला. दुसऱ्यांच्या पोरांशी बोलायचा.

समोर फरशीवर तिची पाच वर्षांची चिमी मांडी घालून बसली होती. आईची पिशवी तिने केव्हाच उपसली होती आणि चेहऱ्यांचं कार्ड शोधून काढलं होतं. कडा कुरतडलेलं, प्लॅस्टिक चढवलेलं. त्यावर सहा गोल. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला, शरमलेला. सहावा नुसताच कोरा, ज्याला या पाचांत आपला सापडत नाही त्याच्यासाठी.

नवी नोकरी लागली तेव्हा आईने हे कार्ड आधी चिमीवरच वापरून पाहिलं होतं. त्यामुळे त्याचे नियम चिमीला पाठ होते. विचारणाऱ्याने बोट दाखवायचं नाही. सुचवायचं नाही. थांबायचं. समोरचं मूल काहीही सांगो, आपला चेहरा हलू द्यायचा नाही. आणि एक गोष्ट कधीच म्हणायची नाही: मी कोणाला सांगणार नाही. कारण सांगावं लागतं. लिहावं लागतं.

चिमीने कार्ड आईच्या मांडीवर, फोनच्या शेजारी ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी बोट दाखवणार नाही," ती म्हणाली.

आई हसली. निदान हसायला गेली.

चिमीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. एकेका गोलावर थांबून बघत ती शेवटपर्यंत गेली आणि परत पहिल्यापासून सुरू झाली. आत सासूबाई ओले कपडे झटकत होत्या. फोन पुन्हा थरथरला आणि कार्ड मांडीवरून जरासं घसरलं. चिमीने ते नीट केलं.

मग ती पुढे सरकली, आईच्या अनवाणी पायावर आपला तळहात ठेवला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मी कोणाला नाही सांगणार. आजीला पण नाही. यातला तुझा कुठला, आई?"