कवळीची राखण

"आजीनू, कवळी आसा काय? काढूक व्हयी, नायतर पाण्यात पडतली," स्नॉर्केलिंगची नळी पुढे करत गाईड म्हणाला.

बेटावरचा किल्ला बघून झाला होता आणि बोटीतला एकेक जण आता मासे बघायला उतरत होता. कुमुदिनीबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांचं बोळकं तोंड घरात सुनेनंही पाहिलं नव्हतं. कवळी धुवायची तीसुद्धा न्हाणीघराला आतून कडी लावून.

"आई, चारचौघांत कशाला शोभा करून घेतेस? तू बस इथे सामान सांभाळत," मुलगा म्हणाला.

सामान! आजवरच्या प्रत्येक सहलीत त्यांनी काठावर बसून घरच्यांच्या चपला आणि पिशव्याच राखल्या होत्या. त्यांनी सगळ्यांदेखत कवळी काढली आणि मुलाच्या हातात कोंबली.

"आज तू सांभाळ," त्या बोबड्या पण खणखणीत आवाजात म्हणाल्या.

पाण्यातून वर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लकाकत होते. गाईडने फोटोसाठी मोबाईल उचलताच मुलाने घाईने कवळी पुढे केली.

"राहू दे तुझ्याकडेच. खाली कुणी नावं ठेवत नाही," तोंड भरून हसत त्या म्हणाल्या, "मी परत पाण्यात चाललेय."