पिंपातला आवाज

"कुणी हलू नका," सून म्हणाली. तिचा एक हात कोपरापर्यंत कचऱ्याच्या पिंपात होता.

गॅलरीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, उजवा कान हाताने चाचपत. त्यांना शब्द ऐकू आले नाहीत. पण तान्ह्या नातीला कडेवर घेतलेला त्यांचा मुलगा जागच्या जागी थिजलेला दिसला, तशा त्याही थिजल्या.

झालं होतं एवढंच. मिक्सरचा आवाज सहन होत नाही म्हणून त्यांनी कानातलं मशीन काढून समोरच्या कागदावर ठेवलं होतं, सोललेल्या मटारच्या टरफलांशेजारी. मिक्सर थांबला. सुनेने कागदाच्या कडा गोळा केल्या, टरफलं पिंपात झाडली आणि हातासरशी आतलं खतही खालवर केलं. रोजच्यासारखंच. मग सासूबाईंचा हात कानाकडे गेला.

"तरी मी म्हणत होते, घरात उकिरडा नको!" ऐकू येत नसलं की त्यांचा आवाज दुप्पट व्हायचा. "सगळं जग कचरा खालच्या गाडीत टाकतं. आमच्या सूनबाईंना तो मांडीवर घेऊन बसायचाय!"

"गाडीत टाकला असता तर मशीन एव्हाना गावाबाहेर पोचलं असतं," सून पुटपुटली. सासूबाईंना ते ऐकू गेलं नाही हे बरंच झालं.

"मी पालथंच करतो पिंप," नवरा म्हणाला. "एकदाचा काय तो सोक्षमोक्ष."

"पालथं केलंस तर तळाचं पाणी सगळ्यात मिसळेल. भिजलं की संपलंच ते. आधी ऐकू दे मला."

चालू मशीन कशाखाली झाकलं गेलं की बारीक शिट्टी वाजवतं. सासूबाई ते बंद करायला हमखास विसरायच्या आणि त्यावरून घरात रोज एकदा तरी वाजायचं. आज सगळी भिस्त त्या विसरण्यावरच होती. फक्त सेल तग धरायला हवा होता. तो संपत आलाय, असं त्या सकाळीच म्हणाल्या होत्या.

पंखा बंद केला. फ्रीज बंद केला. लेक तोंड उघडायच्या बेतात होती. बापाने आपल्या बोटाचं पेर तिच्या तोंडात दिलं. ती ते नुकत्याच आलेल्या दातांनी चावत बसली आणि तो डोळे मिटून सोसत राहिला.

मशीन येण्याआधी पोर पाळण्यात रडून लाल व्हायची आणि आजी शेजारी बसून शांतपणे भाजी निवडत असायची. तेव्हा सून न्हाणीघराचं दार उघडं ठेवून अंगावर कसंबसं पाणी घ्यायची. आता ती बिनघोर केस धुते. आजी पाळण्याजवळ असते. त्या बोटाच्या पेराएवढ्या यंत्रावर घरातल्या दोन बायकांचं बरंच काही चाललं होतं. दोघींनाही ते ठाऊक होतं.

"शिट्टी!" नवरा ओरडला.

"कुकरची आहे ती. शेजारच्यांच्या."

"वाजतंय का?" सासूबाईंनी विचारलं. एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे त्यांची नजर फिरत होती. "अरे, कुणीतरी सांगा मला!"

सुनेने मोकळा हात वर केला. सगळं पुन्हा गप्प झालं. पिंपात, खोल, वाळक्या पानांवरून कुणी चालावं तशी सळसळ होती. तिच्या वर, डासाच्या गुणगुणीहून थोडी टोकदार, एक रेघ.

डावीकडे. केळ्याच्या सालीखाली. तिने साल उचलली.

रेघ तुटली.

"संपला," नवरा हळूच म्हणाला. "सेल गेला."

सुनेच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला. ती तशीच वाकून राहिली. मग तिने ती साल, निजलेल्या बाळावर दुपटं टाकावं तशी, होती तिथेच परत ठेवली.

शिट्टी वाजली.

या वेळी तिने साल न हलवता खालून बोटं सरकवली. ओलं, कोमट, काहीतरी वळवळणारं, आणि मग काहीतरी गुळगुळीत, कडक. तिने मूठ बाहेर काढून उघडली. मशीन होतं. त्याच्यावर एक जाडजूड तपकिरी अळी स्वार होती. तिने अळी परत पिंपात सोडली आणि ओढणीच्या कोरड्या टोकाने मशीन टिपायला घेतलं. पण सासूबाईंनी ते तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच आणि थेट कानात बसवलं.

"अहो आई, पुसू तरी द्या! घाण आहे त्याला."

"बोल," सासूबाई म्हणाल्या. "बोल काहीतरी."

सुनेने ओढणी खांद्यावर टाकली. "येतंय का ऐकू?" तिने मोठ्याने विचारलं.

"ओरडू नकोस. बहिरी नाहीये मी."

नवरा फस्सकन हसला आणि पंख्याच्या बटणाकडे वळला. सून पिंपाचं झाकण उचलू लागली. तेवढ्यात सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. चिखलाने बरबटलेलं, तसंच.

"हे काय वाजतंय?"

"कुठे?"

"यात. सळसळ."

"अळ्या आहेत, आई. त्याच खत करतात. रोजच चालू असतं त्यांचं."

सासूबाईंनी कठडा धरला. गुडघ्यावर हात रेटत त्या हळूहळू वाकल्या आणि मशीनचा कान त्यांनी पिंपाच्या तोंडाशी नेला. सून झाकण हातात घेऊन उभीच राहिली. कडेवरच्या लेकीने बापाचं बोट सोडलं आणि जोरात हाळी दिली.

"श्श," सासूबाई मान वर न करता नातीला म्हणाल्या. "जेवतायत."