नको म्हटलेली सुई

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले, आणि धाकट्याला धड आनंदही होईना.

त्याच्या पोटातून सुईने काढलेला तुकडा तपासून आला होता. स्वादुपिंड सुजलं होतं खरं, पण गाठ वाईट नव्हती. रोगांशी लढणारे शरीराचे राखणदारच घरच्यांवर उलटलेत, असं डॉक्टरांनी समजावलं. कावीळ त्यामुळेच, जबड्याखालचे फुगवटे त्यामुळेच, पापण्यांची सूजही त्यामुळेच. गोळ्या घ्यायच्या, काही आठवड्यांत सूज उतरू लागेल. पुन्हा उलटू शकतं, लक्ष ठेवावं लागेल, पण जिवाला धोका टळला.

धाकट्याने पिशवीतून दादाची जुनी फाइल काढून पुढे ठेवली. दोघे भाऊ एकाच शेडमध्ये कपाटांना पॉलिश करायचे. चार वर्षांपूर्वी दादाचे डोळे पिवळे झाले, तेव्हा तुलाही कुणी वॉर्निशचा हात मारला की काय, अशी यानेच थट्टा केली होती. गालही असेच फुगले होते. स्कॅनवरून सगळ्यांनी कॅन्सरच धरला. खात्रीसाठी तुकडा काढू म्हणाले, तर वहिनी आडवी आली. सुई लागली की तो अंगभर पसरतो, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. दादाला घरी नेऊन तिने पाच महिने जिवाचं रान केलं. तसं काही पसरत नाही हे तिला दादा गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली ती उडालीच.

डॉक्टरांनी फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचली. आता खात्रीने सांगता येणार नाही, म्हणाले, पण बहुधा हेच होतं.

वहिनी बाहेर बाकावर बसली होती. या खेपेला सुईचा हट्ट तिनेच धरला होता. बातमी ऐकून ती हसली, लगेच रडली, पोरांना फोन लावायला निघाली. मग त्याच्या जबड्याखालच्या सुजेवर तिची नजर थांबली.

"भावजी, ह्यांचंही हेच होतं का?"

खरं सांगितलं तर ही बाई जिवंतपणी मरेल, हे त्याला दिसत होतं.

"छे हो, वहिनी. दादाचा कॅन्सरच होता. डॉक्टरांनी फाइल बघून सांगितलं. सुई लावली असती तरी काही उपयोग नव्हता."

वहिनीने फोन परत पिशवीत टाकला.

"दुखत नाही म्हणताना ह्यांचा आवाज अगदी असाच व्हायचा," ती म्हणाली.