कोरडी जखम

"खुनी जवळ आला की मुडद्याची जखम वाहते म्हणे! अक्कल गहाण टाकलीत काय?" विद्यापीठात कायदा शिकवणारे डॉक्टर वेंडेलिन न्यायाधीशावर कडाडले. हा मूर्खपणा कायद्यातून उपटून काढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आज त्याच परीक्षेसाठी मोलकरीण ओटिलीला मेलेल्या गिरणीवाल्यापुढे आणलं होतं.

"मग तुम्हीच लावा की हात, डॉक्टरसाहेब," न्यायाधीश हसला.

डॉक्टरांनी रागारागाने मुडद्याच्या छातीवरच्या जखमेवर पंजा दाबला. जखम कोरडीच राहिली.

"बघा! आता सोडा या पोरीला!"

कुणी हललं नाही.

"बघताय काय असे?"

"डॉक्टरसाहेब," ओटिली मागे सरकत पुटपुटली, "तुमची छाती..."

जखमेच्याच जागी त्यांचा पांढरा सदरा लाल होत चालला होता.