ऑप्शनला टाकलेला धडा

"हक्काचं नाव सांगा," न्याययंत्र पुन्हा म्हणालं.

तालुक्याच्या चौकीत दिनकर घोडके काचेला चिकटून उभा होता. पलीकडे त्याची मुलगी रेवती बसली होती, कॉलेजचं ओळखपत्र अजून गळ्यात. मोर्च्याशेजारून जाताना कॅमेऱ्याने तिचा चेहरा टिपला आणि यंत्राने तिला आत टाकलं. वकील आणि न्यायाधीश कधीच बंद झाले होते. ज्या हक्कावर माणूस सुटू शकतो, त्याचं नाव घरच्यांनी तोंडाने बरोबर सांगितलं तरच दार उघडायचं. चुकलं, तर छावणीची गाडी. फोन बाहेरच काढून घेतले होते.

"अहो, नागरिकशास्त्रात होतं ते," बायको रडत म्हणाली. "दहावीला. आठवा ना!"

त्याला पानिपतचं साल आठवलं. काळी मृदा कशी तयार होते, तेही आठवलं. हक्क मात्र आठवेना.

तेवढ्यात रांगेत तांबोळी सर दिसले. गावात तीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र त्यांनीच शिकवलं होतं. आज त्यांचा नातू आत होता.

"सर! कुठला हक्क? तुम्ही नुसतं सांगा, मी बोलतो!"

सरांनी काचेपलीकडच्या नातवाकडे पाहिलं.

"त्या धड्यावर दोनच मार्कांचा प्रश्न यायचा रे, दिनकर. मी दरवर्षी सगळ्यांना तो ऑप्शनला टाकायला सांगायचो."

काचेमागे गाडीचं दार उघडलं.

"कुणाला तरी येत असेल!" दिनकर रांगेकडे वळून ओरडला.

एकेक मान खाली गेली. सगळे सरांचेच विद्यार्थी होते.