एक पाऊल जास्तीचं

"थांबा भावजी, ते कापू नका."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचा हात बटणावरच राहिला. पडद्यावर नायक स्वयंपाकघराच्या दारात खिळल्यासारखा उभा होता, आणि त्याच्या चपलेचं एक पाऊल मात्र पुढे पडलेलं ऐकू येत होतं.

"अहो वहिनी, माणूस उभा आणि पाऊल चालतंय. लोक म्हणतील, भूत यालाच लागलंय."

चित्रपट भुताचा होता आणि हसवणारा होता. माळ्यावरची भुतीण रोज संध्याकाळी नायकाची मान मोडायची. रोज पुन्हा तीच सकाळ उजाडायची आणि हा पठ्ठ्या चपला वाजवत दारात हजर! बायको पाठमोरी उभी राहून चहा ढवळत असायची. ती वळून बघेल त्या सकाळी भुतीण हरणार होती, पण बाईसाहेब शेवटापर्यंत काही वळत नव्हत्या.

पडद्यावरच्या माणसांचे बारीकसारीक आवाज काढायचं काम वहिनीचं आणि तिच्या नवऱ्याचं. पावलं सगळी नवऱ्याची. सगळा स्टुडिओ त्याला मास्तर म्हणायचा. लाकडी फळ्यांवर, माईकपुढे तो कुणाचंही चालणं हुबेहूब चालून दाखवायचा. ती शेजारी स्टुलावर बसून भांडी वाजवायची, कापड सळसळवायची, आणि मान मोडायची वेळ आली की काकडी मोडायची.

"कसला हा पोरखेळ! मरतो काय, उठतो काय," ती म्हणायची.

मास्तर पोट धरून हसायचा. "अगं, म्हणून तर मजा आहे. मेला म्हणून रडत बसू नकोस. बघ, आला चपला वाजवत!"

पहिल्या सकाळची पावलं त्याने एका दमात दिली होती. त्याच दिवशी दोघांचं वाजलं होतं. कारण काय, तर मानेसाठी आणलेली काकडी मास्तरने मीठ लावून फस्त केली होती. मग मान मोडायला गाजर घ्यावं लागलं, आणि गाजराची मान काही केल्या मानेसारखी मोडेना. ती भडकली. दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसली. घरी गेल्यावरही तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सकाळी बोलू, असं मनाशी ठरवून ती झोपली.

सकाळी मास्तर उठला नाही. झोपेतच गेला.

त्यानंतर रोज पहाटे जाग आली की तिचे कान दाराकडे लागायचे. चित्रपटात त्या बायकोला रोज मिळत होतं ते आपल्याला एकदाच मिळावं, एवढंच तिला हवं होतं. पोरखेळ म्हणून हिणवलेल्या त्या गोष्टीचा तिला आता हेवा वाटत होता.

काम तर पुरं करायला हवं होतं. मास्तरच्या चपला घालून चालणं तिच्या जिवावर आलं. दिग्दर्शिकेनेच तोड काढली, की सकाळ तीच आहे तर पावलंही तीच लावू. पहिल्या सकाळी कॅमेरा बायकोच्या पाठीवर होता, म्हणून जास्तीचं पाऊल कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी नायक समोर दिसत होता आणि चोरी उघडी पडली.

"मास्तर पाऊल चुकायचे नाहीत," ती म्हणाली. "परत लावा बरं."

रेकॉर्डिस्टने लावलं. टक, टक, टक, टक. आणि मग ते एक.

ते टक वाजलं नाही. ते मऊ होतं, दबकं होतं. फळीवर चप्पल अशी वाजत नाही. तिने मान खाली घालून पायाशी पाहिलं. तिचे पाय गारठतात म्हणून मास्तरने कधीतरी घरून एक जुनी सतरंजी आणून तिच्या स्टुलाखाली अंथरली होती. सगळ्या खोलीत सतरंजी तेवढीच.

म्हणजे पावलं देऊन झाल्यावर तो तिच्याकडे आला होता. समजूत काढायला, पाठीवर हात ठेवायला, नाहीतर नुसतंच "बोल की" म्हणायला. आणि तिची पाठ ताठच्या ताठ बघून तसाच मागे फिरला होता.

तिने वाकून सतरंजीवर हात फिरवला. रेकॉर्डिस्ट उगाच वायर गुंडाळत बसला.

"बाकीच्या सकाळींचं कापा," ती म्हणाली. "शेवटच्या सकाळी असू द्या."

"असू दे. तिथे तर कॅमेरा बायकोच्या पाठीवरच आहे. त्या सकाळचा तिच्या वळण्याचा आवाजही घ्यायचाय. चमचा खाली ठेवायचा आणि वळायचं. घेऊया आता?"

ती स्टुलावर पाठमोरी बसली. कानांना हेडफोन लावले, हातात कप घेतला. लाल दिवा लागला. ती चमचा ढवळू लागली.

टक, टक, टक, टक. मग सतरंजीवर ते मऊ पाऊल. अगदी पाठीशी.

तिने चमचा ठेवला. पदर सळसळला. ती वळली.

"खाल्लीत तर खाल्लीत हो काकडी," ती म्हणाली. "मी काही रागावले नाहीये."

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला, चोरट्यासारखा.

"वहिनी, तुम्ही बोललात. टेक वाया गेला. परत घ्यावा लागेल."

"घ्या की," ती डोळे पुसत हसली आणि स्टुलावर पुन्हा पाठ करून बसली. "हव्या तितक्या वेळा घ्या."