पंखाच्या मुळाशी

मोबाइल काठीला बांधून फटीतून आत घातला होता. बाहेर काढला तेव्हा फोटोत एक हात दिसला. मनगटावर जखम, आणि जखमेवर बसलेली हिरवट निळी माशी.

अंबरनाथच्या त्या बंद कारखान्याची शेड परवा कोसळली, आणि वॉचमन हरिचंद्र तिच्याखाली गेला. हाका मारून मारून सगळ्यांचे घसे बसले, आतून हूं नाही की चूं नाही. परत परत फोटो काढले. हात तसूभरही हलला नव्हता.

"ताई, बॉडीच आहे," ठेकेदार संतोष खालच्या आवाजात म्हणाला. "जेसीबी लावतो, पटकन मोकळं होईल. ती भिंत बघा, कधीपण खाली येईल. जिवंत माणूस असता तर गोष्ट वेगळी. मेलेल्यासाठी माझी पोरं आत नाय उतरवणार."

माणूस वाईट नव्हता, खरं तेच बोलत होता. पण जेसीबीचा दात एकदा फिरला की पप्पांचं काय उरेल, ते हरिचंद्रच्या मुलीला, उन्नतीला, डोळ्यांपुढे दिसत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "मला माशी बघू द्या."

बदलापुरात जनावरांच्या दवाखान्यात तिचं कामच ते. लोक गाईच्या, कुत्र्याच्या जखमेचे फोटो पाठवायचे आणि ही बया माशीचा पंख मोठा करून बघत बसायची. दोन माश्या दिसायला अगदी सख्ख्या बहिणी. पण पंखाच्या मुळाशी एक चिमुकला पापुद्रा असतो, तिथे त्यांचं बिंग फुटतं. पापुद्रा पांढरा असला तर ती माशी जिवंत अंगावरच अंडी घालते. काळपट असला तर ती मढ्यावरची.

तिने फोटो मोठा केला. पंख स्वच्छ आला होता. खाली जखमेच्या कडेला अंड्यांचा पांढरा पुंजका. पापुद्रा काळपट होता. तिने ओढणीने स्क्रीन पुसली आणि पुन्हा पाहिलं. काळपटच.

गेले पप्पा. रडायला हवं होतं, पण रडूसुद्धा येईना. संतोष तिच्या तोंडाकडे बघत होता, पोरं पहारी घेऊन उभी होती.

उन्नती त्या ढिगाऱ्यावर चढली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "जिवंत अंगावरची माशी आहे! माझे पप्पा जिवंत आहेत! हातांनी काढा!"

पोरं लगेच आत घुसली. घमेली हातोहात बाहेर येऊ लागली. भिंतीतून माती भुरभुरत होती. हे काय करून बसले मी, असं उन्नतीला झालं. एका मढ्यासाठी खोटं बोलले! भिंत आली तर या पोरांच्या आयांना काय सांगू? तोंड उघडून सगळं ओकून टाकावंसं वाटत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं.

शेवटचा पत्रा उचलला. हाताची बोटं हलली. एक पोरगा किंचाळून मागेच पडला.

हरिचंद्रला उचलून बाहेर आणलं, सावलीत निजवलं. अंग बर्फासारखं गार, पण डोळे उघडे. उन्नती त्याच्यावर वाकली, हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"पप्पा, किती हाका मारल्या! एकदा तरी ओ द्यायची ना!"

"ओ कोण देणार?" तो कसाबसा म्हणाला. "मी गेलो होतो, पोरी. सगळं संपलं होतं. तुमच्या हाका ऐकू येत होत्या, पण लांबून, दुसऱ्याच कुणाला मारल्यासारख्या. मग तू ओरडलीस, माझे पप्पा जिवंत आहेत म्हणून. म्हटलं, माझी उन्नती माशी बघून सांगतेय, म्हणजे खरंच असणार. म्हणून परत श्वास घेतला."